आशा भोसले : उडत्या गाण्यामागची साधना

पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. पेण काय नि रोहा काय, गणेशोत्सवात मांडवावरच्या कर्ण्यातून सकाळी भक्तिगीते लागतात आणि रात्री ‘दम मारो दम’. वडीलधारी मंडळी पहिल्याला मान डोलावतात, दुसऱ्याला नाक मुरडतात. पण कित्येकदा दोन्ही वेळी गळा एकच असतो, आशा भोसले यांचा! म्हणूनच उडत्या गाण्याला हलके गाणे समजावे काय, हा प्रश्न पडतो.

आशाबाईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगली येथे झाला. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर हे नाट्यसंगीतातील मोठे नाव. १९४२ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या दहाव्या वर्षी, आशाबाईंनी ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी पहिले गाणे गायिले. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध विवाह झाला. १९६० च्या सुमारास मुलांना घेऊन त्या माहेरी परतल्या. संसाराचा भार एकट्या गळ्यावर होता.

त्या काळी नायिकेची गाणी लतादीदी, गीता दत्त, शमशाद बेगम यांच्याकडे जात. आशाबाईंच्या वाट्याला खलनायिकेची, क्लबातल्या नर्तिकेची गाणी येत. १९५७ च्या ‘नया दौर’ने चित्र पालटू लागले. पुढे १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’मधील पाश्चात्त्य वळणाची नृत्यगीते त्यांच्यापुढे आली. हे आपल्याला जमणार नाही, असे त्यांना प्रथम वाटले. राहुलदेव बर्मन यांनी चाल बदलण्याची तयारी दाखविली. आशाबाईंनी ती नाकारली आणि दहा दिवस तालीम करून गाणे पुरे केले, असे सांगतात. १९७१ च्या ‘कारवाँ’मधील कॅबरे गीतात तर त्यांनी धापा टाकणारा श्वासही तालात बसविला. दीनानाथांच्या गायकीतील चपळ तान आणि जोरकस शब्दफेक यांचाच हा वारसा, असे आम्हांस वाटते.

पुढे युरोपातून डिस्कोचे वारे आले. स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ संचाच्या ‘मामा मिया’ (१९७५) या गाण्याची चाल राहुलदेवांनी १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये घेतली. ती किशोरकुमार व आशाबाई यांनी गायिली. चाल उसनी खरी; पण शब्दाला दिलेला खटका आणि लाडिक वळण उसने नव्हते.

नाक मुरडणाऱ्यांना खरे उत्तर मिळाले ते १९८१ च्या ‘उमराव जान’ने. खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गझला गाण्यास सांगितले. त्याच गळ्याने राष्ट्रीय पुरस्कार पटकावला. पुढे ‘इजाजत’साठी (१९८७) दुसरा राष्ट्रीय पुरस्कार आणि २००० सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. गंमत अशी, की ज्या युरोपातून आपण ठेका आणला, तेथेच इंग्लंडमधील ‘कॉर्नरशॉप’ या संचाने १९९७ साली आशाबाईंवर गाणे रचले आणि १९९८ मध्ये त्याची नवी आवृत्ती तेथे पहिल्या क्रमांकावर गेली!

कलावंताला काम निवडता येतेच असे नाही. ते कसे करावे हे मात्र त्याच्या हाती असते. इतरांनी नाकारलेल्या गाण्यांतून आशाबाईंनी आपले घर सावरले आणि नावही कमावले. यंदा मांडवात रात्रीचे गाणे लागेल तेव्हा नाक मुरडण्याआधी, मित्रहो, त्यातला श्वास तेवढा ऐका.