महिने वाटा, दिवस तोडू नका

"नोकरी सोडू नका, हजेरीचं आम्ही बघून घेऊ." फार्म-डीच्या प्रवेशावेळी हे वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकलं आणि त्यावर मी विश्वास ठेवला, त्यांचं नाव इथे घेत नाही. राग मात्र गेलेला नाही, कारण इथली लबाडी हजेरीपटापुरती नसते, शिकण्याचीच चोरी होते. 2008 च्या नियमांप्रमाणे बी.फार्म.नंतरचा फार्म-डी तीन वर्षांचा आहे. दोन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात रेसिडेन्सी. त्या बारा महिन्यांतले सहा जनरल मेडिसिनचे आणि उरलेले दोन-दोन महिने तीन वेगळ्या विभागांचे. म्हणजे वर्षाला जोड कुठे आहेत, ते नियमातच दिसतं. नोकरदारांना सवलत द्यायची तर या जोडांवर द्यावी: दोन महिने वॉर्ड, मग काही महिने काम, पुन्हा वॉर्ड. अमेरिकेत वर्षाची रेसिडेन्सी नोकरी करणाऱ्यांना दोन वर्षांत वाटून देणारी रुग्णालयं आहेत. आपल्याकडे लवचीकपणाच्या नावाखाली दिवसच तोडतात: शनिवारी या, संध्याकाळी तासभर या, सह्या एकदम करा.

दिवस तोडल्याने काय जातं, ते एका केसपेपरवर दाखवता येईल. समजा, वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाला सोमवारी मेट्रोनिडाझोल सुरू झालं. त्या दिवशीचा आयएनआर 2.4, म्हणजे हवा तसा. मंगळवारीही विशेष काही दिसत नाही. मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचं विघटन अडवतं, पण रक्त गोठवणारे आधीचे घटक शरीरात संपायला वेळ लागतो. म्हणून आकडा चढतो तो गुरुवार-शुक्रवारकडे, आणि मग हिरड्यांतून रक्त येतं. सोमवारच्या राउंडला उभ्या असलेल्या फार्मसिस्टने डोसचा विषय काढून आयएनआर पुन्हा-पुन्हा मागवला, तर हे टळू शकतं. शनिवारी येणाऱ्याला दिसतो फक्त फुगलेला आकडा आणि थांबवलेल्या औषधावरची रेघ. परिणाम त्याला पाठ असतो, घडताना पाहिलेला नसतो.

यावर म्हणतात, दहा वर्षं काउंटरवर काढलेल्याला वॉर्ड कशाला? काउंटरचा अनुभव मी कमी लेखत नाही. डॉक्टरांचं अक्षर, पर्यायी ब्रँड, न परवडणारी गोळी हे तिथेच कळतं. पण काउंटरवर चिठ्ठी येते, क्रिएटिनिनचा रिपोर्ट येत नाही. दुसरा आक्षेप खरा जड आहे: दोन महिने मेडिकल कोण चालवणार? नोंदणीकृत फार्मसिस्टशिवाय औषध देता येत नाही, म्हणजे बदली माणूस लागणार, पगारही बुडणार. मान्य. तरी दोन महिन्यांसाठी बदली शोधता येते. रोजच्या तासाभरासाठी कोण येणार? मग प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलतीकडे, हा प्रकार सुरू होतो आणि बडगा तुमच्या नोंदणीवर येतो.

म्हणून प्रवेशाआधी पोस्टिंगचं वेळापत्रक लेखी मागा: विभाग, तारखा, राउंड कोण घेतं. मालकाकडून रजाही लेखीच घ्या, तोंडी होकार गर्दीच्या दिवसांत टिकत नाही. घरच्यांशी बोलून ठेवा, थोडे पैसे बाजूला टाका. आणि मागच्या रेसिडेंटांनी भरलेले केस फॉर्म, रुग्णांची नावं झाकून, बघायला मागा. एकाच रुग्णाच्या सलग पाच दिवसांच्या नोंदी त्यात सापडल्या नाहीत, तर फी भरू नका.