ग्लुकोमीटर खरा की लॅबचा रिपोर्ट?

प्रश्न : वडिलांची उपाशीपोटीची साखर लॅबमध्ये १३२ आली. रक्त देऊन घरी आल्यावर, काही न खाता, ग्लुकोमीटरवर पाहिली तर १४६! मशीन बिघडले की लॅब चुकली?
– एक वाचक, सातारा

उत्तर : या आकड्यांवरून तरी दोघांपैकी कोणीच चुकलेले दिसत नाही.

लॅबमध्ये शिरेतले रक्त घेतात, ते यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करतात आणि उरलेल्या पिवळसर प्लाझ्मातली साखर मोजतात. नळीतल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर वापरतच राहतात. म्हणून राखाडी बुचाच्या नळीत फ्लोराइड घातलेले असते. तरीही नमुना बराच वेळ पडून राहिला, तर आकडा थोडा उतरतो.

ग्लुकोमीटर बोटाच्या केशवाहिन्यांतला थेंब घेतो. पट्टीवरचे एन्झाइम साखरेशी क्रिया करते, त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि मशीन त्यावरून आकडा काढते. ‘मशीनच्या आकड्यात दहा-बारा टक्के मिळवा’ असा सल्ला अनेक जण देतात, तो विसरा. हल्लीची मशीन प्लाझ्माचाच आकडा दाखवतात.

मग फरक का? कारण घरच्या मशीनला थोडी सूट दिलेली आहे. २०१३च्या आयएसओ मानकानुसार साखर १०० किंवा जास्त असेल, तर १००पैकी ९५ वेळा आकडा लॅबच्या १५ टक्के मागेपुढे असला की चालतो. १०० पेक्षा कमी असेल, तर ही सूट १५ मिलिग्रॅमची. १३२चे १५ टक्के म्हणजे सुमारे २०. तेव्हा ११२ ते १५२ मधले काहीही या सुटीत बसते, तुमचे १४६ही. जेवणानंतर तुलना करू नका. तेव्हा बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा साखर मुळातच जास्त असते, कारण वाटेत शरीर ती वापरत जाते.

खरी गडबड बहुतेक वेळा हातांमुळे होते. आंबा चिरून किंवा केळे सोलून तसेच बोट टोचले, तर कातडीवरची साखर थेंबात उतरते आणि आकडा भलताच फुगतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणे पुरेसे नाही. साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावा. पावसाळ्यातली दमट हवा पट्ट्या खराब करते. मुदत संपलेली पट्टी वापरू नका. हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर काही मशीन साखर वाढवून दाखवतात, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मधुमेह आहे की नाही, हे लॅबनेच ठरवावे. रोजचा चढउतार मात्र घरच्या मशीनवरच कळतो, म्हणून तारीख-वेळेसह आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. एका आकड्यावरून गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका. पण आकडा ७० च्या खाली असेल आणि घाम, थरथर सुटली असेल, तर लॅबची वाट पाहू नका. वडील शुद्धीवर असतील, तर आधी त्यांना साखरेचे पाणी द्या, मग डॉक्टरांना फोन करा.