डबीतली अश्वशक्ती

अंगठ्याएवढी डबी मोटारीच्या खाचेत खुपसा आणि इंजिनाची शक्ती २५ टक्क्यांनी वाढवा, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. इंग्लंडमध्ये नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी सुटीत तशी एक डबी घेऊन मला भेटायला आला. त्याच्याकडे माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची जपानी स्पोर्ट्स कार आहे. "सर, गाडी खरंच जास्त पळते," तो म्हणाला. डबी उघडण्याआधी आम्ही फळ्यावर हिशेब मांडला.

इंजिनाला शक्ती मिळते इंधनाच्या ज्वलनातून. १ ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त फवारणे सोपे आहे. अडते ते हवेपाशी.

त्याच्या गाडीचे इंजिन २ लिटरचे, बिनटर्बोचे. ते मिनिटाला ७००० फेरे घेत आहे असे समजा. चार धावांच्या इंजिनात सगळे सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा भरतात. म्हणजे मिनिटाला ७००० लिटर, सेकंदाला सुमारे ११७ लिटर हवा. लिटरला १.२ ग्रॅम धरले तर १४० ग्रॅम. एवढ्या हवेत ९.५ ग्रॅम पेट्रोल जळेल. ग्रॅममागे ४४ किलोज्यूल धरता ४१८ किलोवॉट उष्णता निघेल. तिच्यातील ३० टक्के कामी आली, तर १२५ किलोवॉट. २०१८ नंतरच्या या इंजिनासाठी कंपनीने दिलेला आकडा आहे १३५! आपल्या ढोबळ हिशेबाला हे फारच जवळ आहे. वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलू शकतो, तेवढी जवळजवळ सगळी कंपनीने आधीच वापरली आहे. आणखी २५ टक्के हवा डबी कुठून आणणार?

मग डबी उघडली. आत तीन दिवे, एक बटण आणि एक छोटी चिप. खाचेत १६ टाचण्यांची जागा असते. त्यातल्या १२ व्होल्टच्या टाचणीवरून दिवे लुकलुकत होते. इंजिनाच्या संगणकाशी बोलण्यासाठी जी जोडणी लागते, ती नव्हतीच. ही खाच मुळात इंजिनातील बिघाड वाचण्यासाठी आहे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ती सक्तीची झाली.

सगळीच खोकी अशी पोकळ नसतात, हे मात्र सांगायला हवे. टर्बोच्या इंजिनात हवा दाबून भरतात. तेथे ट्यूनिंग बॉक्स दाबाच्या संवेदकाच्या वायरीत बसतो आणि संगणकाला चक्क खोटे सांगतो. खरा दाब १.८ वातावरण असताना तो १० टक्के कमी कळवतो. संगणक बिचारा दाब २ वातावरणांपर्यंत चढवतो. हवा ११ टक्के वाढली, इंधन वाढले, शक्तीही वाढली. पण उष्णताही वाढते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून बसणारे ठोके, यांचा धोकाही वाढतो. कंपनीने सुरक्षिततेसाठी राखलेली कसर आपण खर्चत असतो. वॉरंटी जाण्याचीही भीती असते.

"मग मला फरक जाणवला तो?" विद्यार्थ्याने विचारले. तो भास नसेलही. चौकशी केली तेव्हा कळले, की डबी लावली ऑक्टोबरच्या गार संध्याकाळी आणि तुलना केली जुलैतल्या उन्हाशी. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्विन, १० अंश म्हणजे २८३. दाब तोच असेल तर घनता त्याच प्रमाणात बदलते. थंड हवा सुमारे ७ टक्के जड. ही वाढ फुकटात मिळालेली!

परत गेल्यावर त्याने एका गॅरेजच्या रोलरवर एकाच दुपारी दहा वेळा शक्ती मोजून घेतली. त्यांपैकी पाच वेळा मित्राने डबी लावली होती, पण कोणत्या ते मोजणाऱ्याला सांगितले नव्हते. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळून गेले होते.

आता तुमच्यासाठी एक गणित. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. तापमान तेच धरून, वरच्या गाडीची शक्ती तेथे किती भरेल?