विलायती कुलूप हाती आलं तर

बाबू, तुला कुलपांचा नाद लागलाय असं तुझी आई सांगत होती. लागू दे. आमगावात अलीकडे जी घरं झाली त्यांच्या युपीव्हीसी दरवाजांत युरोपी घाटाचेच सिलेंडर, म्हणजे चाबी घालायचे सुटे भाग, बसतात. कुणाचा पोरगा जर्मनीहून येताना एखादं भारी कुलूप आणतो, कुणाला नागपूरच्या भंगारात सापडतं. ते हातात घेऊन "काका, हे कोणतं?" म्हणत तू येशीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. अनोळखी कुलूप डोळ्यांनी आणि पट्टीनं ओळखायचं. पेचकसाची पाळी सगळ्यांच्या मागून.

१. कुलूप कोणाचं ते पहिले विचार, आणि दारात रोज वापरात असलेलं कुलूप स्वतःचं असलं तरी खेळायला घेऊ नको — बिघडलं तर अख्खं घर ओसरीवर झोपेल. जर्मनीत १९९७ पासून कुलूपछंदींची संघटना आहे, तिथेही हाच दंडक. १८५१ साली लंडनमध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ब्रामाचं नावाजलेलं कुलूप ५१ तास खपून उघडलं, तेही कंपनीच्या संमतीनं आणि पंचांच्या देखरेखीखाली. नाद असा उजेडात करावा.

२. कुलपाआधी चाबी बघ — चाबी बोलते, कुलूप लपवतं. एका कडेला दात असलेली चपटी चाबी म्हणजे पिनांचं कुलूप, येलच्या घराण्यातलं. अर्धगोल दांडा आणि त्यावर तिरके काप दिसले तर बहुधा फिनलंडचं अब्लॉय. एमिल हेन्रिक्सननं १९०७ मध्ये काढलेल्या या कुलपात पिना नसतात, एकामागे एक चकत्या असतात. दांडा इंग्रजी एच अक्षरासारखा दिसला तर पॅरिसच्या फिशेचं नाव आधी घे. लांब दांडा आणि टोकाला दोन्ही बाजूंनी पंख असले तर लिव्हरचं कुलूप. इटलीच्या जाड तिजोरीछाप दरवाजांत ही तऱ्हा फार. आणि चाबीच्या अंगात चार गोल चुंबकं बसवलेली दिसली तर उठून उभा राहा बाबू, व्हिएन्नाच्या एव्वाचं एमसीएस तुझ्या हातात आहे.

३. चाबीच्या पाठीवर खळगे दिसले म्हणून लगेच "स्विस!" असं ओरडू नको — उलटीसुलटी कशीही घातली तरी चालणारी ही चाबी काबानं १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणली खरी, पण आज ती तऱ्हा जगभर आहे, आपल्या अलिगढची कुलपंही त्यात आली. खळगे किती ओळींत आहेत, फक्त रुंद पाठीवर आहेत की कडेलाही, तेवढं लिहून घे. ओळख पुढे त्यातूनच पटते.

४. चाबीच्या डोक्यावरच्या नावावर विसंबू नको — ते बऱ्याचदा कोरी चाबी बनवणाऱ्याचं असतं. इटलीची सिल्का, स्पेनची जेएमए या कोऱ्या चाब्यांच्या मोठ्या कंपन्या. गोंदियाच्या चाबीवाल्यानं त्यांच्या चाबीवर दात पाडून दिले की डोक्यावर नाव सासरचं आणि दात माहेरचे. "सिल्का कंपनीचं कुलूप" शोधत बसशील तर म्हातारा होशील. नाव वाचायचं असेल तर मूळ चाबीवर वाच, नाहीतर सिलेंडरच्या तोंडावर.

५. मग तोंडाचा आकार बघ — त्यावरून मुलखाचा अंदाज येतो. वर गोल आणि खाली लोंबती शेपूट हा युरो घाट: गोल भाग १७ मिलीमीटर, एकूण उंची ३३, शेपटीची रुंदी १०. नुसता गोल भाग २२ भरला तर स्विस घाट. लंबगोल तोंड उत्तरेकडे, स्वीडन-नॉर्वेच्या बाजूला जास्त.

६. लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून थांबू नको. मधल्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही बाजू वेगळ्या मोज — ३५ आणि ४५ची बेरीज ८०, ४० आणि ४०चीही ८०. पण एकाच्या जागी दुसरा आणलास तर एका बाजूला सिलेंडर दाराबाहेर डोकावेल.

७. हँडलच्या मध्यापासून चाबीच्या मध्यापर्यंतचं अंतरही लिही — जर्मन घाटात आतल्या खोल्यांना बहुधा ७२ मिलीमीटर आणि मुख्य दाराला ९२. दाराच्या कडेला दिसणारी पट्टी दारात कोरून बसवलेल्या मॉर्टिस पेटीची असते. पेटी एका कंपनीची आणि सिलेंडर दुसरीचा, असं सर्रास चालतं.

८. खोकं हाती असेल तर फेकण्याआधी वाच — ईएन १३०३ लिहिलं असेल तर पुढे आठ खाने असतात, त्यातला सातवा चाबीच्या गुप्ततेचा, १ ते ६. नेदरलँडची एसकेजी आणि फ्रान्सची एटूपी तारे देतात, जास्तीत जास्त तीन. तारे दिसले की निदान कुठल्या देशाच्या बाजारासाठी माल बनला ते कळतं.

९. ओळख विचारायला फोटो पाठवतोस तेव्हा चाबीचे दात झाक, आणि त्यावरचा नंबरही — फोटोवरून चाबी पाडता येते, आणि तुझा फोटो कुठवर फिरेल ते तुझ्या हातात नाही. डोकं, दांड्याचा छेद आणि सिलेंडरचं तोंड एवढ्यावर जाणकाराचं भागतं.

१०. ओळख पटेपर्यंत तेल नको, खोबरेल तर मुळीच नको — आपल्याकडे राइस मिलचा कोंडा हवेतच असतो, तो तेलावर बसून आत लगदा होतो. कुणाला ग्राफाइट चालतं, कुणाला कंपनीचाच स्प्रे लागतो. म्हणून आधी नाव, मग औषध.

११. सिलेंडर काढायची वेळ आलीच तर दार उघडं ठेवून, चाबी आत घालून काढ — कडेचा लांब स्क्रू सोडला आणि चाबी थोडी फिरवली की मधली जीभ अंगात लपते, मग अख्खा सिलेंडर सरळ बाहेर येतो. सिलेंडर बाहेर असताना दार वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली पाट अडकव.

१२. सिलेंडरचा आतला गाभा उत्सुकतेपोटी ओढू नको — घाईच्या हाती स्प्रिंग राहत नाही. तांदळाच्या कणीएवढ्या त्या स्प्रिंगा फरशीवर उडाल्या की तुझी आई झाडू घेऊन येईल, आणि ती कचऱ्यात काय गेलं ते बघत नाही. उघडायचंच असेल तर भंगारातला एखादा स्वस्त नग घे, पांढरी चादर अंथर, मग बस.

१३. आतून चाबी लावून ठेवली तर बाहेरची चाबी चालते का, हे दार उघडं असतानाच तपास — काही सिलेंडरांत ही सोय असते, बऱ्याच साध्यांत नसते. आजी एकटी आतून चाबी फिरवून झोपत असेल त्या घरात कुलूप कोणत्या देशाचं यापेक्षा ही गोष्ट आधी बघायची.

१४. बाहेरच्या अंगानं सिलेंडर हँडलच्या पट्टीच्या पुढे ३ मिलीमीटरपेक्षा जास्त आला असेल तर घरमालकाला हळूच सांग — स्क्रूच्या भोकाशी सिलेंडर सगळ्यांत नाजूक असतो, आणि बाहेर आलेलं टोक चोराला पकडायला मिळतं. चारचौघांत मात्र सांगू नको.

१५. भारी कुलपाबरोबर एक कार्ड येतं, ते चाब्यांपासून वेगळं ठेवायला लाव — जादा चाबी कंपनी त्या कार्डावरच देते, रस्त्यावरच्या चाबीवाल्याकडे तसा कोरा नग नसतो. कार्ड हरवलेलं असेल तर आहेत त्या चाब्या मोजून घे आणि कोणती कुणाकडे आहे ते वहीत लिहून ठेव. त्याच पानावर वरची सगळी मापं घातलीस, तर पुढच्या खेपेला मला फोन करताना दाराशी धावत जावं लागणार नाही.