लेकीच्या चालीनं संभाजीनगर

फुलंब्रीहून संभाजीनगर पंचवीस-तीस किलोमीटर. चौक्याचा घाट, सावंगी, हर्सूल, की आलं शहर. इतक्या जवळ असूनही, एक बिघडलेली सहल सोडली तर, माझ्या लेकीनं सात वर्षांत ते पाहिलं होतं दोनच जागांवरून: दवाखान्याच्या बाकावरून आणि लग्नाचा बस्ता बांधताना कापडदुकानाच्या गादीवरून. आमच्याकडं शहरात ‘काम’ असल्याशिवाय कुणी जात नाही. तारीख असते, तपासणी असते, बियाणं आणायचं असतं.

२०२४ च्या मे महिन्यात बायको सिल्लोडला माहेरी होती, धाकटं अडीच महिन्यांचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. १३ मे ला मतदान झालं, ड्युटी संपवून घरी आलो तर पोरगी आजीच्या मांडीवर बसून म्हणाली, “सगळे मामाच्या गावाला गेले. आपण कुठंच नाही.” मामाच्या गावी बाळ-बाळंतीण, तिथं गर्दी नको, हे तिला कळत होतं आणि म्हणूनच मला ते लागलं. १६ आणि १७ मे, एक मुक्काम, असं तिथंच ठरवलं. त्याआधीच्या वर्षी एक सहल मी पार बिघडवली होती. त्या दोन्ही उन्हाळ्यांनी जे शिकवलं ते लिहितो.

१. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक. दुपार झोपेची.

आदल्या वर्षी एका दिवसात सिद्धार्थ उद्यान, पाणचक्की, मकबरा, बाजार आणि वर दोन नातेवाइकांची घरं असा बेत आखला होता. गाडीभाडं वसूल व्हावं, हा हिशोब. उद्यानातला वाघ भर दुपारी सावलीला पाठ करून झोपला होता. लेकीनं तेवढंच पाहिलं, पुढचं काही पाहिलं नाही. चार वाजता बसस्थानकात तिला उलटी झाली आणि रात्री ताप चढला. त्या तापाला कारण मी होतो. सात वर्षांचं लेकरू दोन-अडीच तास मनापासून बघतं. त्यानंतर ते फक्त बापाच्या मागं चालतं.

२. मे महिन्यात वेळापत्रक ऊन ठरवतं.

पारा ४२ च्या आसपास असतो. म्हणून पहाटेची एसटी. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. बसस्थानकापर्यंत जायची गरज नाही. हर्सूल टी पॉइंटला उतरून रिक्षा केली की दिल्ली दरवाज्यावरून शहरात शिरता येतं. बसच्या खिडकीतून तो दरवाजा तिनं कधी पाहिलाच नव्हता. उतरलो, कमानीखाली उभे राहिलो, मान वर करून पाहिलं. पाच मिनिटं गेली, पण शहराला दार असतं हे तिला कळलं.

डोक्याला सुती रुमाल, तोही ओला करून. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यांतली एक साखर-मिठाची: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तहान लागण्याची वाट बघायची नाही, दर अर्ध्या तासाला चार घोट. बर्फाचा गोळा तिनं मागितला, मी दिला नाही. ती रुसली, ते चाललं.

३. वेणी घालायला आधी शिका.

हे मी सगळ्यांत उशिरा शिकलो. घरी आजी वेणी घालते, म्हणून डोक्यातच आलं नाही. लॉजवर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मोकळे केस घेऊन ती माझ्यासमोर बसली आणि मला तीन पेड धरता येईनात. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा कशीबशी बसली. मोकळे केस घामानं मानेला चिकटतात, घामोळ्या येतात, पोर दिवसभर चिडचिड करतं. निघायच्या आधी आठवडाभर रोज एकदा घालून बघावी. आईनं, आजीनं बापाला हे शिकवावंच.

४. पाणचक्की आधी, बाकी सगळं नंतर.

मकबऱ्याचं नाव मोठं आहे, पण लहान लेकराला घेऊन उन्हाळ्यात आधी जायचं ते पाणचक्कीला, असं माझं ठाम मत आहे. तिथं काहीतरी फिरतं, काहीतरी वाहतं आणि वर वडाची सावली आहे. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं हे आवार. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, इथं एका उंच भिंतीवर चढवलं आणि वरून हौदात सोडलं. त्या पाण्याच्या जोरावर लोखंडी पातं फिरायचं, पात्यावरची जाती फिरायची, आणि त्या पिठाच्या भाकऱ्या मुसाफिरांच्या, फकिरांच्या पोटात जायच्या.

लेकीचा पहिला प्रश्न: “मोटार कुठंय?” मी म्हटलं, नाहीच. तिला पटेना. आमच्याकडं पाणी वर चढतं ते फक्त मोटारीनं, आणि मोटार चालते ती लाईट असली तर. मग आम्ही खाली बसलो. पाण्याच्या बाटलीला खाटेच्या दोरीएवढी नळी लावली तर, एक टोक उंच धरलं तर, दुसरं टोक किती उंच नेता येईल, असं मातीत काडीनं काढत गेलो. डोंगर उंच, पाणचक्की खाली, मधल्या नळात पाणी कोंडलेलं, म्हणून ते आपणहून भिंतीवर चढतं. वर्गात हाच धडा मी किती वर्षं शिकवतोय. इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला वर्गात भेटला नव्हता.

हौदाखाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी साठलेलं, म्हणून खाली गारवा. बाहेरच्या झळा आणि आतला तो गारवा यांत जो फरक आहे तो तिनं हाताचा पंजा भिंतीला लावून मोजला. आत-बाहेर, आत-बाहेर, चार वेळा.

धार त्या दिवशी बारीक होती. त्या वर्षी आमच्या तालुक्यात टँकर सुरू होते, डोंगरातच पाणी नव्हतं तर इथं कुठून येणार. तिनं विचारलं, हे डोंगर आपल्याच बाजूचे का? होय, आपल्याच बाजूचे. मग मी तिला मलिक अंबरची गोष्ट सांगितली. हबशी मुलुखातलं पोर, लहानपणी गुलाम म्हणून विकलं गेलेलं. तो पुढं निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच हे शहर, आणि शहराला पाणी मिळावं म्हणून जमिनीखालून नहर बांधली. पाण्याच्या नहरी या शहरात पाणचक्कीच्याही आधीपासून आहेत. आज याच शहराला पैठणहून, जायकवाडीतून पाणी आणावं लागतं आणि नळ काही काही दिवसांनी येतो. तिला यातलं किती समजलं सांगता येत नाही. ‘विकलं गेलेलं पोर’ एवढं मात्र तिनं धरून ठेवलं. रात्री झोपताना विचारलं, “त्याच्या मम्मीला माहीत होतं का तो राजा झाला ते?” राजा नाही, वजीर, एवढंच मी सांगू शकलो.

५. शू लागली की काय करायचं, ते निघण्याआधी ठरवा.

बाप आणि लेक एकटे निघतात तेव्हा ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पुरुषांच्या बाजूला तिला नेता येत नाही, बायकांच्या बाजूला मला जाता येत नाही. पहिल्या वर्षी तिनं मला सांगितलंच नाही, दाबून धरली. पुढं दोन दिवस उन्हाळी लागली. दुसऱ्या वर्षी निघण्याआधी तिला स्पष्ट सांगितलं: लाजायचं नाही, थांबायचं नाही, लगेच सांगायचं. प्रत्येक ठिकाणी आत शिरताच आधी स्वच्छतागृह कुठं आहे ते दोघांनी बघून ठेवायचं. तिथं एखादी लेकुरवाळी बाई दिसली की हात जोडून म्हणायचं, “ताई, मुलीला जरा आत घेऊन जाता का? मी इथंच दारात आहे.” दोन दिवसांत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या बायांनी लेकीचा हात धरला, एकीनं तर सुटलेली वेणीही बांधून दिली.

६. लॉजवाल्यानं चौकशी केली तर राग मानू नका.

एकटा पुरुष, सोबत लहान मुलगी. काउंटरवरच्या माणसानं माझं आधार बघितलं, तिचं बघितलं, मग मला बाजूला उभं करून तिला विचारलं, “बाळा, हे तुझे कोण?” ती म्हणाली, “पप्पा.” “मम्मी कुठंय?” “सिल्लोडला. बाळ झालंय.” माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं. खोलीत गेल्यावर शांत झालो. त्यानं विचारलं ते माझ्या लेकीसाठीच विचारलं. प्रत्येक काउंटरवर असं विचारलं जावं. मुलीचं आधार आणि तिचा आईसोबतचा फोटो जवळ ठेवावा. फोन नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घ्यावा, आणि तरीही चिठ्ठीवर लिहून फ्रॉकच्या खिशात घालावा.

७. फुलंब्रीच्या पोराला रेल्वे दाखवा.

आमच्या तालुक्यात रूळ नाही. संध्याकाळी दहा रुपयांचं फलाटाचं तिकीट काढून बाकावर बसलो. मालगाडी गेली, तिनं डबे मोजले, मध्येच चुकली, पुढच्या गाडीला पुन्हा सुरुवातीपासून मोजले. दीड तास. दोन दिवसांतला सगळ्यांत स्वस्त आणि बहुधा तिचा सगळ्यांत लाडका दीड तास.

८. खरं सांगा, आणि फोन चार्ज ठेवा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो, आधी लेण्या. मकबऱ्याच्या पुढं डोंगरात बारा लेण्या आहेत, वेरूळ-अजिंठ्याच्या नावाखाली झाकल्या गेलेल्या. सातव्या लेणीत गाभाऱ्यात एक नर्तकी कोरलेली आहे, आजूबाजूला वाद्यं वाजवणाऱ्या सगळ्या बायाच. मोबाइलच्या उजेडात लेकीनं तिचे पाय पाहिले, कंबर पाहिली, आणि गॅदरिंगमध्ये शिकलेली मुद्रा तिथंच धरून उभी राहिली. आमच्याशिवाय आत कुणी नव्हतं.

तिथून उतरून मकबरा. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मोठ्यांना २५ रुपये. दारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही बांधणाऱ्यांची नावं आहेत, ती मी तिला सांगितली. राजांची नावं सगळे सांगतात. बांधायला ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे लागले अशी नोंद आहे. आणा म्हणजे काय, एका रुपयाचे किती, हे गणित कारंज्याच्या कडेला झालं. खालचा संगमरवर कुठं संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठं सुरू होतो, ते बोटानं शोधायचा खेळ झाला. वर घुमटाला पुन्हा संगमरवर.

मग आत. जाळीच्या कठड्यावरून खाली कबर दिसते. “कुणाची?” औरंगजेबाच्या बायकोची, दिलरस बानूची. “कुणी बांधलं?” तिच्या मुलानं, आजमशाहनं, असं सांगतात. “आईसाठी?” हो. “ती काहून मेली?”

मला उत्तर माहीत होतं. १६५७ मध्ये, बाळंतपणानंतर महिनाभरात. ‘म्हातारी झाली होती’ असं म्हणावंसं वाटलं. पण उद्या ती कुठं तरी वाचेल आणि पप्पानं खोटं सांगितलं हे तिला कळेल. म्हणालो, “बाळ झाल्यावर आजारी पडली. तेव्हा आतासारखे दवाखाने नव्हते.”

तिनं माझा हात सोडला. कठड्याला धरून खाली बघत राहिली. मग म्हणाली, “मम्मीला फोन लाव.” बाहेर ओट्यावर येऊन व्हिडिओ कॉल लावला. बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. “मम्मी, तू गोळ्या घेतल्या का?” “घेतल्या ना.” “दाखव पाकीट.” तिनं पाकीट दाखवलं. लेकीनं रिकाम्या झालेल्या घरांचा आकडा मोठ्यानं मोजला. अकरा. मग तिचा चेहरा सैल झाला. त्या क्षणी माझ्या फोनची बॅटरी संपलेली असती तर मी काय केलं असतं, हा विचार आजही मनात येतो.

९. तिचे पैसे तिच्या हातात द्या.

दोनशे रुपये आणि एक छोटी वही मी पहिल्याच दिवशी तिला दिली होती. हिशोब तिचा, बोलणी करणं तिचं, मी फक्त शेजारी. गुलमंडीवर इमरतीच्या दुकानापुढं ती दहा मिनिटं उभी राहिली आणि मग मम्मीसाठी पाव किलो घेतली. मी मध्ये काही बोललो नाही, बोलायची फार इच्छा झाली होती तरी. परतीच्या एसटीत वही वाचली. रबरबँड, केळी, इमरती, आजीला बांगड्या. आणि मध्येच एक ओळ: ‘मकबऱ्यातली आई – ५ रुपये’. लोक कबरीवर नाणी टाकतात, ते बघून तिनंही कधी टाकलं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गल्लीत टँकर आला. बाया हंडे-घागरी घेऊन धावल्या. लेक पळसाच्या पानाच्या चार पट्ट्या काडीला खोचून आली आणि तिनं त्या टँकरच्या पाइपातून गळणाऱ्या धारेखाली धरल्या. पहिल्यांदा पानं मोडली. तिनं पुठ्ठा आणला, कात्रीनं कापला, पुन्हा धरला. टँकरवाल्यानं पाइप जरा तिच्याकडं वळवला. शेजारची काकू म्हणाली, “पोरी, पाणी वाया जातंय.” तिनं खाली बादली सरकवली आणि म्हणाली, “नाही जात, काकू. फिरून बादलीतच पडतंय.”