इंग्रजीचा पदवीधर आणि इंग्रजीचा शिक्षक

माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकविण्याची आकांक्षा बाळगणारा विद्यार्थी भारतीय विद्यापीठात सामान्यतः दोन टप्प्यांनी तयार होतो. प्रथम तो इंग्रजी हा प्रमुख विषय घेऊन बी.ए. होतो आणि त्यानंतर अध्यापक महाविद्यालयात बी.एड.चा अभ्यासक्रम पूर्ण करतो. पहिल्या टप्प्यात विषयाचे ज्ञान मिळावे व दुसऱ्यात ते देण्याची कला साध्य व्हावी, अशी या रचनेमागील कल्पना आहे. वरकरणी ती निर्दोष वाटते. तथापि इंग्रजीच्या बाबतीत तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे. पदवीच्या वर्गात मुख्यतः इंग्रजी साहित्य शिकले जाते. शाळेत मात्र इंग्रजी भाषा शिकवावयाची असते. ही उणीव कशी निर्माण झाली आणि भावी शिक्षकाने ती कशी भरून काढावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दुराव्याचे मूळ

इंग्रजी साहित्य हा विद्यापीठीय अध्ययनाचा विषय म्हणून भारतात फार लवकर रूढ झाला. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजची स्थापना 1817 साली झाली आणि काही वर्षांतच तेथे शेक्सपिअरची नाटके अभ्यासिली जाऊ लागली. याउलट ऑक्सफर्ड येथे इंग्रजीचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम 1894 मध्ये व केंब्रिज येथे 1917 मध्ये सुरू झाला. सरकारी शिक्षणसंस्थांतून ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देणे शासनाच्या धर्मविषयक तटस्थतेत बसत नव्हते; म्हणून नीतिसंस्काराचे कार्य साहित्याने करावे अशी अपेक्षा धरली गेली, असे गौरी विश्वनाथन यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. 1857 साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा हाच वारसा त्यांच्याकडे आला.

त्या काळी महाविद्यालयात येणारा विद्यार्थी माध्यमिक शाळेत बहुतेक विषय इंग्रजीतूनच शिकून आलेला असे. त्याला भाषा येते हे गृहीत धरणे फारसे चुकीचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर बहुसंख्य माध्यमिक शाळांचे माध्यम प्रादेशिक भाषा झाल्या आणि इंग्रजी हा अनेक विषयांपैकी एक विषय उरला. शाळा बदलली, पदवीच्या अभ्यासक्रमाची बैठक मात्र बव्हंशी पूर्वीचीच राहिली. 1958 साली हैदराबाद येथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली, ती हीच निकड ओळखून. 2007 मध्ये तिचे रूपांतर केंद्रीय विद्यापीठात झाले. कोठारी आयोगानेही (1964–66) शिक्षक-प्रशिक्षण हे विद्यापीठीय जीवनापासून आणि शाळांपासून अलग पडले आहे, याकडे लक्ष वेधले होते.

एका वाक्याचा अभ्यास

साहित्याचे ज्ञान आणि भाषेचे ज्ञान यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नववीतील विद्यार्थी वहीत लिहितो : ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे.’ हे वाक्य चूक आहे, हे कोणताही पदवीधर सांगेल आणि लाल शाईने ते दुरुस्तही करील. परंतु ते चूक का आणि विद्यार्थ्याने नेमके तसेच का लिहिले, या दोन प्रश्नांची उत्तरे शिक्षकापाशी असावी लागतात. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठी वाक्य किंवा ‘मैंने उसे कल देखा है’ हे हिंदी वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. इंग्रजीत मात्र ‘काल’ यासारखा संपून गेलेला काळ सांगितला की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. साधा भूतकाळच योजावा लागतो. विद्यार्थ्याने निष्काळजीपणा केलेला नाही. आपल्या भाषेचा नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला आहे. हे जाणणारा शिक्षक दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारीशेजारी लिहील आणि फरक वर्गाकडूनच काढून घेईल. न जाणणारा शिक्षक तीच चूक वर्षभर दुरुस्त करीत राहील.

इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचेही असेच आहे. मराठी-हिंदीत त्यांना तंतोतंत जुळणारे शब्द नाहीत. म्हणून केवळ नियम पाठ करून ती अंगवळणी पडत नाहीत. पुष्कळ वाचन आणि लेखन करूनच ती साधतात.

उच्चाराचे ज्ञान

इंग्रजी लिपीत अक्षरे 26 आहेत. पण प्रमाण ब्रिटिश उच्चारात सुमारे 44 वर्ण मोजले जातात. त्यामुळे लेखनावरून उच्चार ठरविता येत नाही. शिवाय प्रत्येक प्रांताची अडचण वेगळी असते. हिंदी प्रदेशातील मुलगा ‘इस्कूल’ म्हणतो. बंगाली मुलाला ‘व’ कठीण जातो. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांसाठी एकच अक्षर आहे. याखेरीज आघाताचा प्रश्न सर्वांनाच भेडसावतो. ‘फोटोग्राफ’ या शब्दात आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो. शिक्षकाने इंग्रजांची नक्कल करावी असा याचा अर्थ नाही. त्याचे बोलणे सर्वत्र समजावे आणि शब्दकोशातील उच्चारचिन्हे त्याला वाचता यावीत, एवढे पुरे आहे. यासाठी ध्वनिविज्ञानाची ऐच्छिक अभ्यासपत्रिका उपलब्ध असल्यास भावी शिक्षकाने ती अवश्य घ्यावी.

साहित्याचे स्थान

यावरून साहित्याचे अध्ययन निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ज्याने स्वतः आनंदासाठी वाचले नाही, तो इतरांना वाचनाची गोडी लावू शकत नाही. बंगालमध्ये शिक्षणाधिकारी असलेले मायकेल वेस्ट यांनी 1926 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचनालाच अग्रस्थान दिले होते. कारण शाळा लवकर सोडणाऱ्या मुलालाही वाचनाचे सामर्थ्य पुढे उपयोगी पडते. परीक्षेसाठी तयार टिपणे पाठ करून मिळविलेली पदवी मात्र साहित्यही देत नाही आणि भाषाही देत नाही. मूळ ग्रंथ वाचावा, तो मोठ्याने वाचून पाहावा आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत एक पान लिहावे, ही सवय टिपणांच्या अनेक वह्यांपेक्षा मोलाची आहे.

वर्गातील कसोटी

1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एन. एस. प्रभू यांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून आगगाडीच्या वेळापत्रकासारखी माहिती मुलांपुढे ठेवावयाची आणि त्यावरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवून घ्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. मन अर्थाकडे लागले असता भाषा आपोआप आत्मसात होते, हे त्यामागील तत्त्व. असा पाठ घेण्यासाठी शिक्षकाला पाठटाचणाबाहेर जाऊन, मुलांच्या अनपेक्षित उत्तरांना धरून, सोप्या इंग्रजीत बोलता आले पाहिजे. पदवीच्या लेखी परीक्षेत या सामर्थ्याची कसोटी सहसा लागत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील आंतरवासितेसाठी किमान 20 आठवडे राखून ठेवले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवी व प्रशिक्षण एकत्र गुंफणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरस्कारिला. 2023–24 पासून तो काही संस्थांत सुरूही झाला आहे. परंतु दोन टप्पे एका छपराखाली आणल्याने त्यांतील दुरावा आपोआप मिटणार नाही. इंग्रजीचा प्राध्यापक आणि अध्यापनशास्त्राचा प्राध्यापक यांनी शाळेतील एकच वही समोर ठेवून विचार केला, तरच तो मिटेल.

या प्रश्नाचे गांभीर्य ती वही ज्याची आहे, त्या मुलाकडे पाहिले म्हणजे कळते. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, तो शिक्षकाच्या उणिवा घरी भरून काढतो. ज्याच्या घरात शाळेची पायरी चढलेला तोच पहिला, त्याला इंग्रजी केवळ त्या एका तासाला भेटते. वैद्यक, अभियांत्रिकी आणि उच्च न्यायालये यांचा व्यवहार अद्याप बव्हंशी इंग्रजीत चालतो. तेथवर हा मुलगा पोचेल की नाही, हे पुष्कळ अंशी त्या एका तासावर अवलंबून असते. इंग्रजीच्या पदवीचे मोल ठरविताना म्हणूनच विद्यार्थ्याच्या गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : या अध्ययनाने तो नववीच्या वहीतील एक वाक्य समजावून सांगण्यास समर्थ झाला आहे काय?