चित्रकथांच्या संग्रहाची सूची : काही अनुभव, काही नियम

ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी नसताना मी सूचीकार कसा झालो, याचे उत्तर एका ओळीच्या पंचनाम्यात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि गावभागातील आमच्या घरात ते कमरेइतके उभे राहिले. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे बापूकाकांच्या, तीन लोखंडी ट्रंका माळ्यावर चढवायच्या होत्या. दोन चढल्या. तिसरीला हात घालेपर्यंत वीज गेली, आजीला बोटीत बसवायची वेळ आली आणि ती ट्रंक जिथे होती तिथेच राहिली.

पाणी ओसरल्यावर पंचनाम्यासाठी माणसे आली. काकांनी ट्रंकेतला लगदा दाखवला. "काय होते हे?" "कॉमिक्स." "किती होती? कोणती?" काका गप्प झाले. मग म्हणाले, "असतील दोन-अडीचशे." कागदावर ओळ उमटली : 'जुनी पुस्तके – १ पेटी'. मी तेव्हा आठवीत होतो. लिहिणाऱ्याची चूक काही नव्हती. त्याला आम्हीच दुसरे काही सांगू शकलो नव्हतो.

काका एस.टी.त कंडक्टर होते. ज्या स्थानकावर गाडी दहा मिनिटे थांबे तिथल्या बुकस्टॉलवर त्यांची फेरी ठरलेली. चहाच्या पैशांत चहा घ्यायचा की अंक, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर एकाच बाजूने सोडवला. त्याआधीचे, म्हणजे त्यांच्या शाळेच्या वयातले अंक, बंद पडलेल्या एका गल्लीतल्या वाचनालयातून किलोवर घेतलेले. अशी ही तीन ट्रंकांची मिळकत. आणि तिची एका पानाचीसुद्धा यादी नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात परगावचे एक व्यापारी घरी येऊन गेले. त्यांनीही पहिली गोष्ट मागितली ती यादी. ती नाही म्हटल्यावर त्यांनी तासाभरात स्वतःला हवे ते चाळीस अंक बाजूला काढले, त्यांचाच भाव सांगितला आणि उरलेल्यांना 'बाकीचा माल' म्हटले. काकांनी चहा पाजून त्यांना निरोप दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, तू कॉलेजात शिकतोस ना? मग एक यादी कर की नीट. माझ्यासाठी नको. ज्यांना यातले कळते त्यांच्या हातात देता येईल अशी कर."

हे शेवटचे वाक्य मला तेव्हा नीटसे समजले नव्हते. ग्रंथपाल मॅडमना विचारले तर त्यांनी ड्यूई दशांश पद्धतीतला ७४१.५ हा वर्गांक सांगितला. व्यंगचित्रे, चित्रपट्ट्या आणि कॉमिक्स यांचे घर तेच. पण आमच्या दोन्ही ट्रंकांतला प्रत्येक अंक त्या एकाच घरात जाऊन बसला, म्हणजे शोधणाऱ्याला काहीच मिळाले नाही. सामान्य ग्रंथालयाची सूची 'पुस्तक कुठे आहे' हे सांगते. शौकिनाला हवे असते ते वेगळे : कोणता क्रमांक, कोणती भाषा, पहिली छपाई की पुनर्मुद्रण, चित्रे कोणाची, आतले पान फाटले आहे का.

म्हणूनच की काय, कॉमिक्सच्या पहिल्या चांगल्या सूच्या ग्रंथपालांनी नव्हे, शौकिनांनी केल्या. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट विद्यापीठात शिकवणारे जेरी बेल्स यांनी १९६१ मध्ये 'आल्टर इगो' हे शौकिनांचे पत्रक सुरू केले आणि पुढे १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारांचा परिचयकोश चार भागांत काढला. त्या काळी बहुतेक जुन्या अंकांवर चित्रकाराचे नावच नसे; हाताची ओळख पटवून, पत्रे पाठवून, विचारून ते गोळा करावे लागले. १९९४ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' चालवतात, त्यातही नोंदी शौकिनांच्याच. हे वाचल्यावर मला जरा धीर आला. माझ्यासारख्या बिनपदवीच्या सूचीकाराला पूर्वज सापडले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिला प्रश्न, संग्रहात काय धरायचे? ट्रंकेत 'चांदोबा'चेही गठ्ठे होते. 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून निघू लागला आणि त्यातली चित्रे कोण विसरेल? पण ते सचित्र गोष्टींचे मासिक, चौकटी-चौकटींची चित्रकथा नव्हे. त्याची यादी मी वेगळी ठेवली. काकूंनी 'सकाळ'मधल्या 'चिंटू'च्या पट्ट्या १९९१ पासून काही वर्षे कापून एका रजिस्टरात चिकटवल्या होत्या. ते रजिस्टर मात्र मी आत घेतले, एक नोंद म्हणून. त्यावरून काका आणि काकू यांच्यात जी चर्चा झाली ती येथे देत नाही.

उरलेले मोजले तेव्हा अंक भरले ९१२ : इंद्रजाल ४०३, अमर चित्र कथा २३६, डायमंड १२१, राज ६४, टिंकल ५८ आणि संकीर्ण ३०. या मोजणीत एक नियम आधीच ठरवावा लागतो. एकाच क्रमांकाचा अंक इंग्रजीत आणि मराठीत असेल तर त्या दोन नोंदी. इंग्रजीत ज्याचे नाव फॅण्टम तो मराठी अंकात वेताळ असतो, तेव्हा 'फॅण्टम' शोधणाऱ्याला 'वेताळ पाहा' अशी वाट दाखवणारी ओळही हवी. अशीच एक गंमत स्थळनामांची. मूळ कथांतला बंगाला देश इंद्रजालमध्ये 'डेंकाली' होतो आणि वेताळाच्या पित्याचा खुनी रामा होतो 'रामालू'. बंगाल आणि राम या आपल्याकडच्या नावांशी गल्लत नको म्हणून हे बदल झाले असावेत हे उघड दिसते. परदेशातल्या शौकिनाला आपले अंक याच कारणासाठी हवे असतात, म्हणून शेऱ्यात ते लिहावे.

दुसरा नियम मी चुकून शिकलो. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केले. पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याचा. त्यापुढे अंकांना सरळ चढते क्रमांक आहेत, ते ४४३ पर्यंत. १९८३ पासून मात्र मुखपृष्ठावर 'खंड २०, अंक १' अशी पद्धत येते आणि १९९० साली मालिका बंद होईपर्यंत तीच राहते. मी शहाणपणा करून त्या अंकांना ४४४, ४४५ असे स्वतःच क्रमांक दिले आणि छापील खंड-अंक लिहिलेच नाहीत. पंधरा दिवसांनी पडताळा घेताना मधला एक अंक आमच्याकडे नाही हे ध्यानात आले आणि त्याच्या पुढच्या सगळ्या नोंदी एकेकाने घसरल्या. दीड दिवसाची मेहनत वाया गेली. तेव्हापासून दोन रकाने : पहिल्यात मुखपृष्ठावर जसे छापले आहे तसे, चूक असली तरी तसेच, दुसऱ्यात आपला चालू क्रमांक, तोही पेन्सिलीने. संगणकावर यादी केली तरी ही दोन घरे वेगळीच हवीत.

अमर चित्र कथेत हा घोळ दुहेरी आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसतर्फे ही मालिका उभी केली. इंग्रजीतला पहिला अंक 'कृष्ण', चित्रे राम वाईरकरांची. पण त्यावर क्रमांक आहे ११. मग १ ते १० कुठे गेले? पहिले दहा अंक सिंड्रेलासारख्या पाश्चात्त्य परीकथांचे होते आणि ते इंग्रजीत नव्हे, कन्नडमध्ये निघाले होते. पुढच्या काळातल्या पुनर्मुद्रणांना ५०१ पासून नवे क्रमांक मिळाले, म्हणजे तोच 'कृष्ण' एका प्रतीवर ११ आणि दुसरीवर ५०१. शिवाय बऱ्याच प्रतींवर छपाईचे सालच नाही. अशा वेळी किंमत पाहावी आणि मागच्या पानावरील 'प्रसिद्ध झालेले अंक' या यादीतले शेवटचे नाव पाहावे. ती प्रत त्या अंकाच्या आधीची असू शकत नाही, एवढे तरी निश्चित होते.

याच मागच्या पानाने आमच्यासाठी फार मोठे काम केले. काका लहानपणापासून त्या छापील यादीत स्वतःजवळ असलेल्या अंकांपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत. वाचलेल्या प्रती एकामागून एक उघडताना मला त्या खुणा दिसू लागल्या. सर्वांत अलीकडची खुणांची यादी घेतली, ट्रंकेतल्या अंकांशी ताडून पाहिली, तर ५३ नावे अशी निघाली की ज्यांच्यापुढे खूण आहे आणि प्रत नाही. पुराने नेलेल्या ट्रंकेतले पहिले ५३ अंक सापडले! सापडले म्हणजे नावाने सापडले. मी एकेक नाव वाचत होतो आणि काका झोपाळ्यावर बसून डोळे मिटून सांगत होते, हा कराडला घेतला, हा पंढरपूरला, आषाढीच्या जादा गाडीवर असताना.

पण आठवणीवर किती विसंबायचे? इंग्रजी इंद्रजालचे १२२ आणि १२५ हे अंक आमच्याकडे आहेत, मधले दोन नाहीत. मी विचारले, तर काका ठामपणे म्हणाले, "होते म्हणजे काय, होतेच! एकावर मॅण्ड्रेक होता." मी शेऱ्यात लिहिले : 'पुरात गेले'. यादीच्या प्रती मिरज आणि कोल्हापूरच्या चार जुन्या शौकिनांकडे पाठवल्या. त्यांपैकी एका वयस्क गृहस्थांनी त्या ओळीवर लाल शाईने काट मारून परत पाठवले : १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. ते स्वतः अकरा वर्षे त्यांच्या शोधात होते. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून मुंबईच्या फोर्टमधल्या पदपथापर्यंत हिंडले होते. मी कागद काकांपुढे धरला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मग मॅण्ड्रेक कुठला होता रे तो?" तो १२६ निघाला असता तर गोष्ट छान झाली असती. तो अजून सापडलेला नाही.

त्या दिवसापासून माझ्या सूचीत मोकळी जागा मोकळी राहत नाही. प्रत नसेल तिथे तीनपैकी एक अक्षर येते. 'न' म्हणजे असा अंक निघालाच नाही. 'ग' म्हणजे आमच्याकडे होता, गेला, आणि त्याचा लेखी पुरावा आहे. 'ह' म्हणजे निघाला होता, आमच्याकडे कधी नव्हता, हवा आहे. नुसती आठवण असेल तर 'ग' लावायचा नाही, 'ह' लावायचा आणि शेऱ्यात 'काकांच्या आठवणीप्रमाणे' असे लिहायचे. काकांना हा नियम फारसा आवडलेला नाही.

स्थितीच्या रकान्याविषयी थोडे. व्यापारी मंडळींना कोरा करकरीत अंक हवा. आमच्या बहुतेक अंकांवर वाचनालयाचा शिक्का आहे, 'एक दिवसास १० पैसे' अशी चिठ्ठी आहे, शब्दकोडे सोडवलेले आहे, वेताळाला पेनाने मिशा काढलेल्या आहेत. हे सारे मी दोष म्हणून नव्हे, मजकूर म्हणून नोंदवले. कोणत्या गल्लीत मुले काय वाचत होती याचा दुसरा कागद कुठे आहे? चित्रकारांचा रकानाही असाच हट्टाने भरला. अमर चित्र कथेत नावे बहुधा मिळतात. आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांचे नाव तिथे वारंवार भेटते आणि तेच पुढे राज कॉमिक्सच्या नागराजवर. इंद्रजालची रंगीत मुखपृष्ठे करणारे गोविंद ब्राह्मणिया यांनीच, आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्मिलेला 'बहादूर' रेखाटला. एका सूचीत दोन्ही ठिकाणची नावे आली की ही माणसे दिसू लागतात, एरवी ती पिनेच्या गंजाखाली राहतात.

पिनेवरून आठवले. गंजलेली पिन ओढून काढू नये, आतून उचकटून दोऱ्याने टाका घालावा. सेलोटेप कधीही लावू नये. काकांनी १९८० च्या सुमारास प्रेमाने लावलेल्या पट्ट्या आज तपकिरी होऊन अक्षरे खात आहेत. मुखपृष्ठांची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन नोंदीला जोडावीत, म्हणजे हाताळणी वाचते. पूर्ण अंक टिपून सर्वांना वाटणे मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यांचे हक्क दुसऱ्यांचे आहेत. आणि ट्रंका माळ्यावरच असाव्यात.

सूचीची एक प्रत आता मिरजेला, एक कोल्हापूरला आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. घरात पाणी शिरले तरी ती एकदम भिजणार नाही. तीत 'ग' या अक्षराच्या नोंदी आजमितीस ७१ झाल्या आहेत. पंचनाम्यातल्या त्या एका ओळीतले अजून दीडशेहून अधिक अंक निनावी आहेत. वाचकहो, सुट्टीत घरी गेलात की माळ्यावर, आजोळी, जुन्या शेल्फाच्या मागे एकदा पाहा. अंक देऊ नका, तुमचेच राहू द्यात. फक्त त्यावरचा छापील क्रमांक, भाषा, किंमत आणि मागच्या पानावरील शेवटचे नाव एवढे चिठ्ठीवर लिहून ग्रंथालयात ठेवलेल्या प्रतीत घालून द्या. आणि इंद्रजालच्या एखाद्या मुखपृष्ठावर मॅण्ड्रेक दिसलाच, तर तो कोणत्या क्रमांकावर आहे तेवढे आवर्जून कळवा. काका रोज विचारतात.